शेवटच्या सत्रातला बाजार : एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

कलाशाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना कलाबाजाराची ओळख करून देण्यासाठी आखलेला आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. मी मुद्राचित्रण, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून किंवा लाकडावरून कागदावर ठसे काढण्याची कला, शिकवते. आमच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी हा अभ्यासक्रम घ्यावा का, असा प्रश्न विभागापुढे आला तेव्हा आधी कोणीतरी तो स्वतः करून पाहावा असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. आयोजकांचे नाव मी येथे देत नाही. थोड्याफार फरकाने याच आखणीचे अभ्यासक्रम अनेक जण चालवतात आणि माझे म्हणणे एका आयोजकापेक्षा या आखणीविषयी अधिक आहे. दर आठवड्याला दीड तासाचे एक व्याख्यान, त्यावर एक स्वाध्याय आणि स्वाध्यायावर मार्गदर्शकांचा लेखी अभिप्राय, असे त्याचे स्वरूप आहे. अभिप्राय वेळेवर येतात, ते मन लावून लिहिलेले असतात आणि व्याख्यानांची ध्वनिचित्रफीत पुन्हा पाहता येते. या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

तक्रारीची सुरुवात पहिल्याच व्याख्यानापासून होते. पडद्यावर पहिले चित्र आले ते लिओनार्दो दा विंचीच्या नावावर असलेल्या ‘साल्वातोर मुंदी’चे आणि त्याखाली त्याची किंमत : नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात ४५ कोटी डॉलरहून अधिक. विद्यार्थ्यांचे डोळे दिपवण्यासाठी यापेक्षा चांगला आकडा सापडणार नाही हे मान्य. पण या आकड्याचा, उद्या पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाशी काय संबंध आहे, हे त्या दीड तासात कोणी सांगितले नाही. लिओनार्दो १५१९ साली वारला. लिलावात फिरतो तो दुय्यम बाजार, म्हणजे एकदा विकल्या गेलेल्या कलाकृतीची पुन्हा होणारी विक्री, आणि तेथे विकणारा असतो तो संग्राहक किंवा त्याचे वारस. नवा कलावंत ज्या बाजारात उतरतो तो प्राथमिक बाजार असतो, जेथे चित्र स्टुडिओतून पहिल्यांदाच बाहेर पडते. त्याचे नियम वेगळे, माणसे वेगळी आणि आकडेही वेगळे. हा फरक पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकला असता तर पुढच्या सात आठवड्यांतल्या निम्म्या शंका निर्माणच झाल्या नसत्या. त्याऐवजी २००८ सालच्या सप्टेंबरात ब्रिटिश कलावंत डेमियन हर्स्टने गॅलरीला बाजूला सारून आपल्या नव्या कामांचा थेट लिलाव केला आणि दोन दिवसांत ११ कोटी पौंडांहून अधिक विक्री केली, हा किस्सा मोठ्या रंगतीने सांगण्यात आला. तो खराही आहे. पण तोवर हर्स्टच्या पाठीशी वीस वर्षांची कारकीर्द होती, आणि अपवादाला उदाहरण म्हणून मांडले की विद्यार्थी त्यालाच वाट समजतात.

त्याच हर्स्टचे अधिक उपयोगी उदाहरण दुसऱ्या आठवड्यात आले, पण तेही अर्धेच. १९८८ साली लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात शिकत असताना त्याने आपल्या सहाध्यायांना घेऊन गोदी भागातल्या एका रिकाम्या इमारतीत ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन भरवले. व्याख्यात्यांनी याचे सार ‘धाडस करा’ असे काढले. मला मात्र त्यातले धाडस सर्वांत कमी महत्त्वाचे वाटते. त्या मुलांनी जागा मिळवली, ती स्वच्छ केली, प्रायोजक गाठले, नीट छापलेला कॅटलॉग काढला, आणि ज्यांनी यायला हवे होते ते येतील अशी व्यवस्था केली. त्यांचे शिक्षक मायकेल क्रेग-मार्टिन यांनी आपल्या ओळखीच्या क्युरेटरांना, म्हणजे प्रदर्शने आखणाऱ्यांना, आणि संग्राहकांना ते प्रदर्शन पाहायला लावले. म्हणजे तेथे एक शिक्षक होता, ज्याला बाजार माहीत होता आणि जो आपल्या विद्यार्थ्यांसाठी शब्द खर्च करायला तयार होता. धाडस शिकवता येत नाही. कॅटलॉग कसा काढायचा, प्रकाशयोजना कशी करायची, निमंत्रण कोणाला आणि किती आधी पाठवायचे, हे मात्र शिकवता येते. स्वाध्याय या गोष्टींवर असायला हवा होता. प्रत्यक्षात तो ‘तुमच्या स्वप्नातील प्रदर्शनाचे वर्णन करा’ असा होता.

तिसरा आठवडा किंमत ठरवण्याचा होता, आणि येथे अभ्यासक्रम एकदम जमिनीवर आला. कलाशाळेत चार-पाच वर्षे काढूनही किंमत या विषयावर एकही तास न झालेले विद्यार्थी मी दरवर्षी पाहते. प्रदर्शनात कोणी किंमत विचारली की ते शेजारच्या मित्राकडे पाहतात, आणि मग दोघे मिळून एक आकडा सांगतात. व्याख्यात्या बाईंनी दोन पद्धती फळ्यावर मांडल्या. एका पद्धतीत चित्राच्या क्षेत्रफळाला दराने गुणतात, दुसरीत लांबी आणि रुंदी यांची बेरीज करून तिला दराने गुणतात. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या चित्राचे क्षेत्रफळ १,२०० चौरस सेंटिमीटर, तर १२० बाय १६० चे १९,२००. म्हणजे पहिल्या पद्धतीने मोठे चित्र लहानाच्या सोळापट महाग होते. बेरजेने मात्र लहानाचे ७० आणि मोठ्याचे २८०, म्हणजे फक्त चौपट. क्षेत्रफळाने चालणाऱ्या कलावंताची मोठी चित्रे विकली जात नाहीत किंवा लहान चित्रे फुकटात जातात, आणि यातले काय घडते आहे हे त्याला वर्षानुवर्षे कळत नाही. हे गणित सातवीच्या मुलाला जमेल असे आहे, पण ते करून दाखवणारे कोणी भेटत नाही. व्याख्यात्यांनी नंतर साहित्याचा खर्च, चौकटीचा खर्च, कामाचे तास आणि स्टुडिओचे भाडे धरून, ज्याच्याखाली विकणे म्हणजे पदरमोड करणे ठरेल तो किमान आकडाही काढायला लावला. स्टुडिओतली किंमत आणि गॅलरीतली किंमत एकच असली पाहिजे, कारण ग्राहक आज ना उद्या दोन्ही ठिकाणी विचारणारच, हा मुद्दाही त्यांनी स्पष्ट केला. एकदा वाढवलेली किंमत खाली आणणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून सुरुवातीला ती जपून ठेवावी आणि कामे खरोखर संपू लागली की मगच थोडी वाढवावी, हा सल्ला मी वहीत उतरवून घेतला, आणि मी या धंद्यात बरीच वर्षे आहे.

एक उणीव येथेही होती, आणि ती माझ्या विषयाची असल्यामुळे मला जास्त खटकली. मुद्राचित्रांची किंमत चित्रासारखी ठरत नाही. एका प्लेटमधून २५ ठसे काढले तर पहिले काही ठसे कमी किमतीला देऊन आवृत्ती, म्हणजे त्या ठशांचा ठरावीक संच, संपत जाईल तशी किंमत वाढवत नेणे, ही अनेकांची रीत आहे; ती चालण्यासाठी आवृत्ती २५ चीच आहे, याची ग्राहकाला खात्री हवी, आणि ती खात्री देणारी एकच गोष्ट म्हणजे नोंदवही. अभ्यासक्रमात नोंदवही हा शब्द आठ आठवड्यांत एकदाही आला नाही.

याविषयी मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण माझ्या मते कलाशाळेने बाजारासाठी करून द्यायच्या तयारीचा गाभा येथे आहे. पदवीनंतरच्या पहिल्या वर्षी मी एका गॅलरीला अकरा ठसे विक्रीसाठी दिले. फोनवर बोलणे झाले, मी ते ठसे सपाट पाकिटात घालून पोहोचवले आणि चहा पिऊन परत आले. पावती घेतली नाही, यादी केली नाही, छायाचित्रे काढली नाहीत. दोन वर्षांनी ती जागा बंद झाली तेव्हा आठ ठसे परत आले, त्यातल्या एकावर ओलीचे तपकिरी डाग होते. उरलेले तीन विकले गेले, हरवले की कोणाच्या भिंतीवर आहेत, हे मला आजही सांगता येणार नाही. पण खरी शरमेची गोष्ट वेगळीच होती. ठशाच्या खालच्या कडेला डावीकडे पेन्सिलीने क्रमांक, मध्ये शीर्षक आणि उजवीकडे सही करण्याची पद्धत असते. मी ती सही दोन बैठकींत केली होती, आणि दुसऱ्या वेळी कुठून सुरुवात करायची ते आठवणीवर सोडले होते. परिणामी त्या आठांत ७/२५ असा क्रमांक लिहिलेले दोन ठसे होते. गॅलरीतल्या माणसाने ते दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, “मॅडम, यातला सातवा कोणता?” त्याच्या आवाजात आरोप नव्हता, त्याला फक्त यादी पुरी करायची होती. पण दोन सारखे क्रमांक म्हणजे आवृत्ती पंचवीसची नाही, अशी शंका घ्यायला कोणालाही जागा होती, आणि ती जागा मीच करून दिली होती.

कामाचा क्रमांक, शीर्षक, वर्ष, माध्यम, सेंटिमीटरमध्ये मोजमाप, पाठीमागची नोंद, छायाचित्र, सध्या कोठे आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे : एवढ्या नऊ रकान्यांची एक वही. पुढे जेव्हा त्या कलाकृतीच्या मालकीचा इतिहास विचारला जातो, अस्सलपणाविषयी प्रश्न उठतो, विमा काढायचा असतो किंवा एखादे संग्रहालय पत्र पाठवते, तेव्हा याच रकान्यांची गरज पडते, आणि त्या वेळी आठवणीतून ते भरता येत नाहीत. ही वही शेवटच्या सत्रात सुरू करून चालत नाही. पहिल्या वर्षी, पहिले काम सुकून भिंतीवर लागते त्या दिवशी ती सुरू व्हायला हवी, आणि ती सुरू करून घेणे हे बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञाचे नव्हे, तर वर्गशिक्षकाचे काम आहे. रंगाचा ब्रश धुऊन ठेवायला आपण शिकवतो, ते काही व्याख्यान देऊन नव्हे.

चौथा आणि सहावा आठवडा कलावंताचे निवेदन, म्हणजे स्वतःच्या कामाविषयी त्याने लिहिलेला छोटा मजकूर, आणि समाजमाध्यमे यांना दिला होता. या दोन आठवड्यांवर मी फार शब्द खर्च करणार नाही. निवेदनाचे जे नमुने दाखवले गेले ते सगळे ‘माझी कला स्मृती आणि अवकाश यांच्यातील ताणाचा शोध घेते’ या साच्यातले होते, आणि माझ्या स्वाध्यायातले ‘मी लाकडात कोरते, कारण लाकूड विरोध करते’ हे वाक्य मार्गदर्शकांनी ‘अधिक संकल्पनात्मक’ करायला सांगितले. मी ते केले नाही. समाजमाध्यमांविषयी जे सांगितले गेले ते विद्यार्थ्यांना व्याख्यात्यांपेक्षा जास्त ठाऊक होते, हे पडद्याच्या कडेला चाललेल्या त्यांच्या गप्पांवरून दिसत होते.

पाचव्या आठवड्यात एका वकिलांनी करारनाम्यावर जे व्याख्यान दिले ते मात्र या अभ्यासक्रमाचे सर्वांत मोठे बळ आहे. त्यांनी सुरुवात १९७३ सालच्या ऑक्टोबरातल्या न्यू यॉर्कमधील एका लिलावाने केली. रॉबर्ट स्कल या संग्राहकाने अमेरिकन कलावंत रॉबर्ट राउशेनबर्गचे १९५८ सालचे ‘थॉ’ हे काम ९०० डॉलरला घेतले होते. ते त्या दिवशी ८५,००० डॉलरला गेले आणि राउशेनबर्गच्या हाती काहीच आले नाही. याच्या दोनच वर्षे आधी, १९७१ मध्ये, कलाविक्रेते आणि प्रदर्शनांचे आयोजक सेथ सीगेलॉब यांनी वकील रॉबर्ट प्रोजान्स्की यांच्या साहाय्याने कलावंतांसाठी एक नमुना करारनामा तयार करून मोफत वाटला होता. पुनर्विक्रीत किंमत वाढली तर वाढीच्या १५ टक्के कलावंताला द्यावेत, असे कलम त्यात होते. फार थोड्या कलावंतांना तो वापरण्याचे धैर्य झाले. फ्रान्सने पुनर्विक्रीतला वाटा मिळण्याचा हा हक्क कायद्याने १९२० सालीच दिला होता. युरोपीय संघाने २००१ मध्ये त्यासाठी निर्देश काढला, ज्यात विक्रीच्या पहिल्या ५०,००० युरोंवर साधारण ४ टक्के आणि एका विक्रीमागे कमाल १२,५०० युरो अशी मर्यादा आहे. प्रत्येक देशात हा हक्क नाही, आणि जेथे आहे तेथे तो मागावा लागतो, हे वकिलांनी बजावून सांगितले. चित्र विकले म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असे होत नाही, तो वेगळा लिहून द्यावा लागतो, हे ऐकून पडद्यावरच्या चौकोनांतले निम्मे चेहरे चकित झाले. त्यांतले बरेच जण पदवीच्या परीक्षेपासून दोन महिन्यांवर होते.

त्यानंतर त्यांनी सवलतीचा हिशोब करायला दिला. चित्राची किंमत १०० धरा आणि गॅलरीचे कमिशन निम्मे. ग्राहकाने घासाघीस करून १० टक्के सूट मिळवली. सूट दोघांनी मिळून सोसायची असे करारात असेल तर ९० चे दोन भाग होऊन कलावंताला ४५ मिळतात. करारात काही लिहिलेले नसेल आणि गॅलरीने आपले ५० मूळ किमतीवर कापले तर कलावंताच्या हाती ४० येतात. आता चौकटीचे १२ आणि वाहतुकीचे ५ कलावंताकडूनच वजा करा : २३ उरतात. एका ओळीच्या अभावी शंभराचे तेवीस होताना प्रत्येकाने स्वतःच्या कागदावर पाहिले. चित्र गॅलरीत असले तरी विकले जाईपर्यंत मालकी कलावंताची राहील, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळतील, खराबी झाल्यास जबाबदारी कोणाची आणि न विकलेले काम कधी व कोणाच्या खर्चाने परत येईल, या चार प्रश्नांची उत्तरे लिहून घेतल्याशिवाय एकही काम दाराबाहेर जाऊ देऊ नका, असे ते म्हणाले. माझे अकरा ठसे मला तेव्हा आठवले.

सातव्या आठवड्यात कला आणि बाजार यांच्या नात्याचा इतिहास होता, आणि तो घाईने उरकला गेला ही खेदाची गोष्ट आहे. १६४८ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या राजाश्रयी अकादमीने आपल्या सदस्यांना दुकान मांडून चित्रे विकण्यास मनाई केली होती. कारागिरांच्या संघापासून आपण निराळे आहोत, हे त्यांना दाखवायचे होते. विक्रीचा विषय काढणारा विद्यार्थी आजही आपल्या वर्गात थोडा हलका ठरतो, त्याची एक मुळी तेथपर्यंत जाते असे मला वाटते. याच्या उलट, वास्तुरचनाकार वाल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमारला सुरू केलेल्या बाउहाउस या कला-हस्तकलेच्या शाळेने देसाउ शहरात गेल्यावर १९२५ मध्ये कार्यशाळांत तयार होणारे नमुने विकण्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली आणि मालाचा कॅटलॉगही छापला. ती कंपनी फार चालली अशातला भाग नाही. पण तेथील विद्यार्थ्याला दिव्याची छत्री घडवत असतानाच ती कोणीतरी विकत घेणार आहे हे ठाऊक असे, आणि म्हणून तिचा स्क्रू कोठे बसतो याला महत्त्व असे. आमच्या समीक्षा-बैठकांत विद्यार्थी आपले काम फक्त दुसऱ्या कलावंतांना समजावून सांगायला शिकतो. ज्याने कलेचे एकही पुस्तक वाचलेले नाही, पण ज्याला ते चित्र खरोखर आवडले आहे आणि ते घरी नेल्यावर त्यावर ऊन पडले तर काय होईल, एवढेच विचारायचे आहे, अशा माणसाशी बोलायची वेळ पदवीपर्यंत त्याच्यावर येत नाही. एखाद्या बैठकीला असा एक माणूस बोलावून बसवणे यात खर्च काहीच नाही.

आठव्या आठवड्यात ‘पुढचे मार्ग’ या शीर्षकाखाली शिकवणे, पुस्तकांची चित्रे करणे, मागणीनुसार भित्तिचित्रे करणे, कलाकृतींचे जतन, संग्रहालयातील नोकरी हे सगळे शेवटच्या वीस मिनिटांत कोंबले होते, आणि सूर असा होता की गॅलरी न मिळाल्यास येथे यावे. हा सूर मला मान्य नाही. पदवीधरांतले बहुतेक जण यातल्याच कोणत्यातरी कामावर पोट भरून आपले स्वतःचे काम चालू ठेवतात, आणि जो पुस्तकासाठी चित्रे काढतो त्याला करारनामा, हक्क आणि मोबदला यांचे ज्ञान गॅलरीतल्या चित्रकारापेक्षा अधिक लागते. प्रकाशकाला चित्र एकदाच छापायला दिले की कायमचे, हा प्रश्न त्याच्यासमोर दर महिन्याला येतो.

विभागाला मी लेखी शिफारस दिली आहे. तिसरा आणि पाचवा आठवडा पूर्ण किमतीच्या मोलाचा आहे, सातवा वाढवायला हवा, आणि उरलेल्या पाचांतले जे घेण्यासारखे आहे ते आम्ही आमच्याच वर्गात, मुळात पहिल्या वर्षापासून करू शकतो. नऊ रकान्यांची वही या सत्रापासून मुद्राचित्रणाच्या कार्यशाळेत सक्तीची केली आहे, आणि वहीत नोंद नसलेला ठसा मूल्यमापनासाठी स्वीकारला जात नाही. पहिल्या महिन्यात कुरकुर झाली, एका विद्यार्थिनीने मात्र दुसऱ्याच आठवड्यात येऊन आपल्या आवृत्तीत चौथा क्रमांक सुटला असल्याचे दाखवले. फक्त तिसरा आणि पाचवा हे दोन आठवडे वेगळे घेता येतील का, अशी विचारणा मी आयोजकांकडे केली होती. अभ्यासक्रम संपूर्णच घ्यावा लागेल, पण दहापेक्षा अधिक विद्यार्थी असल्यास सवलत मिळेल, असे उत्तर आले. ती सवलत वकिलांच्या मानधनातून कापली जाणार नाही ना, एवढे मी परत विचारले आहे.